बाईसाहेब, आपण विसरला असतात तर बरे झाले असते

माननीय स्मरणशक्तीबाईसाहेब,
मुक्काम मेंदू, दोन्ही कानशिलांच्या आत.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्राची सुरुवात 'आपली फार आठवण येते' अशी करण्याची रीत आहे. पण आठवण आणून देणे हे खातेच आपल्याकडे असल्याने तेवढे वाक्य गाळतो. आपण कुशल असालच. आपल्या कृपेने आम्ही अधूनमधून असतो.

खरे तर हे सगळे तोंडी सांगणार होतो. परंतु आपल्या कचेरीत तोंडी सांगितलेल्या गोष्टींचे काय होते हे ठाऊक असल्याने लेखी देत आहे. पाकीट मुद्दाम उघडे ठेवले आहे. चारचौघांनी वाचले तर हरकत नाही, त्यांचेही दप्तर आपल्याच ताब्यात आहे.

सर्वप्रथम आपल्या आवक विभागाचे आभार. जगातून येणारे सगळे टपाल आपण दारात घेता आणि बहुतेक दारातच टाकून देता. ही तत्परता १९६० साली जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकन संशोधकाने मोजली. त्याने तीन ओळींत बारा अक्षरे दाखवली, तीही सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यापुरती. काय दिसले असे विचारल्यावर लोक चार-पाच अक्षरे सांगत आणि वर म्हणत, 'आणखी होती, पण गेली.' मग त्याने युक्ती केली. अक्षरे नाहीशी झाल्याबरोबर एक सूर वाजवायचा. उंच सूर म्हणजे वरची ओळ सांगा, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे तळची. आता कुठलीही ओळ विचारा, चारांतली तीनेक अक्षरे बरोबर येऊ लागली. म्हणजे सगळी अक्षरे आपल्या टेबलावर पोहोचली होती! सूर वाजवायला सेकंदभर उशीर झाला की मात्र ती गायब. बाईसाहेब, इतर कचेऱ्यांत 'तुमचा कागद आमच्याकडे आलाच नाही' असे सांगतात. आपण आलेला कागद आम्हाला दाखवता आणि मग हरवता. इतका पारदर्शक कारभार आम्ही कुठे पाहिला नाही.

त्यातूनही जे आत येते, त्याच्यासाठी आपण केवढे प्रशस्त टेबल मांडले आहे! त्यावर सात वस्तू मावतात, दोन इकडे-तिकडे, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिले आणि सात हा आकडा पाठ्यपुस्तकांत कायम मुक्कामाला आला. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी फेरहिशेब केला आणि सातावरून चारावर आणले. ही कपात आपण स्वतः होऊन कळवली असतीत तर आम्ही तशी तजवीज केली असती.

कारण या टेबलावर परवा मी सहा आकड्यांचा ओटीपी ठेवला होता. गॅसचा नंबर लावत होतो. मोबाइलच्या एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जायचे, एवढाच प्रवास. तेवढ्यात दारातून विचारणा झाली, 'नारळ एक आणू का दोन?' मी 'दोन' म्हणालो आणि पाहतो तर टेबलावर ते दोन नारळ तेवढे शिल्लक. नारळांना दोष देण्यात अर्थ नाही. आपले हे वागणे १९५९ पासून नोंदलेले आहे. पीटरसन दांपत्याने लोकांना तीन व्यंजने सांगितली आणि लगेच एका आकड्यातून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावले. अठरा सेकंदांत बहुतेकांची व्यंजने नाहीशी झाली. तीन अक्षरे आणि अठरा सेकंद. ओटीपीची मुदत ठरवणाऱ्या मंडळींनी आपली गाठ घेतली नसावी.

काही पाहुण्यांना तर आपण रोज दारावरून परत पाठवता. शेजारून हे पत्र वाचणाऱ्यांनी खिशात हात न घालता सांगावे, नव्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे कुठले चित्र आहे? वेरूळची लेणी आहेत. महाराष्ट्राचे लेणे महाराष्ट्राच्याच खिशात फिरते आहे आणि आपण त्याची नोंद घेतलेली नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये निकरसन आणि अॅडम्स यांनी लोकांसमोर एका सेंटच्या नाण्याची पंधरा चित्रे ठेवली, त्यांतले एकच खरे. ते निम्म्या लोकांनाही ओळखता आले नाही. नोट खरी की खोटी एवढे कळले की पुरे, पाठीमागे काय छापले याच्याशी आपल्याला काय देणेघेणे, हा आपला बाणा. व्यवहारी आहे खरा.

बरे, महत्प्रयासाने जे आत जाते ते टिकते किती? या बाबतीत आपली कीर्ती जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी पसरवली. गृहस्थ चिकाटीचे. कशालाही कसलाही अर्थ नाही असे सुमारे २३०० अक्षरगट त्यांनी तयार केले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजले. १८८५ च्या त्यांच्या पुस्तकात हिशेब आहे. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत, तासाने ४४, दिवसाने ३४, महिन्याने २१. पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक कष्ट पाण्यात, आणि जे उरले ते पुढे महिनाभर जपून वापरलेले. आधी उधळपट्टी आणि मग काटकसर, असा संसार आपणच करू जाणे.

विद्यार्थिवर्गावर तर आपली विशेष मर्जी. धडा चार वेळा वाचला की पाचव्यांदा आपण कानात सांगता, 'येतंय की तुला सगळं!' किती हुरूप येतो! २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर हे ताडून पाहिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो वाचून मिटला आणि आठवेल ते कागदावर उतरवले, तेही तीनदा. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा उतरवणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवत होते आणि वाचणाऱ्यांना ४०. आणि आठवड्यानंतर आपल्याला भरपूर आठवेल असा भरवसा कोणाला जास्त होता? वाचणाऱ्यांना. ओळखीचे वाटणे वेगळे आणि येणे वेगळे, ही बातमी आपण प्रश्नपत्रिका हातात पडेपर्यंत राखून ठेवता, त्याबद्दल अनेक पिढ्या आपल्या ऋणी आहेत.

माझ्या आजोबांवर मात्र आपला खरा लोभ होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे त्यांनी गावच्या शाळेत छडीच्या धाकाने रोज संध्याकाळी ओरडून म्हटलेले. नव्वदीत त्यांना सकाळी जेवलो की नाही हे सांगता येत नसे. पण खाटेशी बसून 'आजोबा, सात औट?' म्हटले की डोळे न उघडता उत्तर यायचे, 'साडेचोवीस', आणि पाठोपाठ 'पुढचं विचार'. वर्षानुवर्षे घोकलेली गोष्ट आपल्या रेकॉर्ड रूमभर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, इतकी ऐसपैस पसरते की नवी नोंद करणारा कारकून थकला तरी ती जागची हलत नाही. नवे आधी जाते आणि जुने शेवटी, असे तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लिहून ठेवले. आमच्या आजीने ते वाचले नव्हते. ती एवढेच म्हणायची, 'ह्यांना औटकी आठवते, औषध आठवत नाही.'

त्या नोंदणी कारकुनाचे नाव हिप्पोकॅम्पस. पद महत्त्वाचे म्हणून आपण एक डावा आणि एक उजवा असे दोन नेमले आहेत. पण हे पद किती महत्त्वाचे आहे ते आपण जगाला ज्या रीतीने कळवले, त्याबद्दल आभार मानताना हात थबकतो. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरी डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलायझन या २७ वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया केली. फेफऱ्याचे झटके थांबावेत हा हेतू. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, लहानपण शाबूत. फक्त त्या दिवसानंतरचे नवे काही टिकेना. ब्रेंडा मिलनर या संशोधक बाई त्यांना वर्षानुवर्षे भेटत राहिल्या, आणि दर खेपेला त्यांना आपली ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागे.

मिलनरबाईंनी त्यांना आरशात बघत ताऱ्याच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. हे आपण कधी काळी केले आहे, हे मात्र मोलायझन यांच्या गावीही नव्हते. २००८ मध्ये ते वारले तोवर विज्ञानाची पुस्तके त्यांना 'एच. एम.' एवढ्याच अक्षरांनी ओळखत होती. या माणसाने पंचावन्न वर्षे फक्त चालू क्षणावर काढली, तेव्हा आम्हाला कळले की हाताच्या आठवणींचे खाते आपण वेगळे ठेवले आहे. ते खाते उत्तम चालते, तक्रार नाही. सायकल एकदा शिकली की आपण ती मरेपर्यंत विसरू देत नाही. बँकेत पासवर्ड आठवला नाही तर सायकल चालवून दाखवता येत नाही, एवढीच अडचण.

आता नावांविषयी. इथे आपल्या औदार्याला सीमा नाही.

कराडला एका लग्नात, अक्षता पडून पंगती बसायच्या मधल्या वेळात, एका गृहस्थांनी मागून माझा दंड धरला. 'ओळखलंत का?' हा प्रश्न विचारण्यावर महाराष्ट्रात अजून बंदी आलेली नाही. मी 'वा, म्हणजे काय!' म्हणालो आणि आपल्याकडे धाव घेतली. आपण लगबगीने सगळे आणून पुढ्यात ठेवलेत. हे कृष्णाकाठचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. मुलगी नर्स, नाशिकला दिलेली. घराला हिरवे दार. त्यांच्याकडे एकदा भरली वांगी खाल्ली होती, त्यात कूट अंमळ जास्त झाले होते. कूट आठवले, बाईसाहेब! नाव नाही. 'स'वरून आहे, असेही आपण सुचवलेत. तीन अक्षरी असावे, असा कयास दिलात. मी नुसता हसत उभा. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती आल्या आणि गृहस्थ माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, 'वहिनींना ओळख करून द्या की आमची!'

पहिले अक्षर द्यायचे, शब्द केवढा ते सांगायचे आणि शब्द तेवढा ओठांवर अडवून धरायचा, ही आपली रीत १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी प्रयोगशाळेत पकडली. आणि नावच का अडते, त्याचाही उलगडा झाला आहे. चेहरा दाखवून 'हे बेकर' असे आडनाव सांगितले तर ते विसरते. 'हे बेकर, पाव भाजतात' असे सांगितले तर लक्षात राहते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये हे दाखवले. आपल्याकडे सुतार आडनावाचे साहेब विसरतात आणि दार बसवायला येणारा सुतार विसरत नाही. त्याच्या मागोमाग रंधा येतो, भुसा येतो, कानावरची पेन्सिल येते. नुसत्या आडनावाला धरून यायला काही नसते. कुटाला वांगे होते, वांग्याला ताट होते, ताटाला ओसरी होती. नाव बिचारे एकटे.

त्या गृहस्थांचे नाव आपण सातारा मागे पडल्यावर गाडीत आणून दिलेत. सौभाग्यवतींना झोपेतून उठवून सांगितले. त्यांनीही आपले आभार मानले आहेत. शब्द वेगळे होते.

पण बाईसाहेब, इथवर जे लिहिले ते किरकोळ आहे. विसरण्याबद्दल माझी मुळात तक्रारच नाही. विसरलेला माणूस निदान गप्प तरी बसतो. माझे गाऱ्हाणे आहे ते आपण जे आठवून देता त्याबद्दल.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदलले. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' असे विचारले तर सरासरी उत्तर ताशी ३२ मैलांच्या आसपास. एकमेकींवर 'आदळल्या' म्हटले तर ४० च्या वर. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. साधा शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी ७ जणांना ती आठवली, आणि आदळण्याचा शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी १६ जणांना. एका क्रियापदाच्या मोबदल्यात आपण अख्खी काच पुरवलीत. इतकी तत्पर सेवा ओटीपीच्या वेळी कुठे जाते?

१९९५ मध्ये लॉफ्टस आणि पिक्रेल यांनी चोवीस जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग लिहून दिले. तीन खरे, घरच्यांकडून विचारून घेतलेले. चौथा बनावट: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात आणि एका वयस्क व्यक्तीने तुम्हाला घरच्यांकडे पोहोचवले. चौथा हिस्सा लोकांना हा न घडलेला प्रसंग थोडाफार किंवा पुरता आठवला. अर्ज नाही, चौकशी नाही, पडताळणी नाही. दाखला तयार.

आपण हे करता कसे, याचा एक धागा २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांत सापडला. एक सूर ऐकू आला की झटका बसतो, हे उंदरांना पक्के शिकवले. मग तो सूर पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूत प्रथिने तयार होणे थांबवणारे औषध दिले. उंदरांची भीती पुसली गेली. सूर न ऐकवता तेच औषध दिले तर काही झाले नाही. म्हणजे आठवण बाहेर काढली की ती नरम पडते आणि पुन्हा नव्याने पक्की करावी लागते. आता आपली कार्यपद्धती ध्यानात आली. कोणी जुना कागद बघायला मागितला की आपण मूळ प्रतच बाहेर काढता, तिच्यावरच खाडाखोड करता, आणि तीच परत ठेवता. नक्कल काढायची पद्धत आपल्याकडे नाही.

आमच्या घरचेच बघा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. आम्ही तेव्हा कलिन्याला राहत होतो. तळमजल्यात पाणी शिरले आणि तिथल्या आजींना पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर न्यावे लागले. कोणी नेले? मी. त्यांचे ओले पातळ, खोबरेल तेलाचा वास, पहिल्या वळणावर त्यांनी माझा कान धरून ठेवला होता तो, सगळे आपण जसेच्या तसे ठेवले आहे. अडचण अशी, की आमच्या दादालाही आपण हेच दिले आहे. पातळ, खोबरेल आणि कान. दर गणपतीत आरतीनंतर हा वाद निघतो आणि मोदक गार होतात. गेल्या वर्षी आजींच्या सूनबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'तुम्ही दोघं जिन्यात उभं राहून नुसतं हळू, हळू म्हणत होता. सासूबाईंना इस्त्रीवाल्यानं नेलं.' ही तिसरी प्रत, तीही आपल्याच सहीशिक्क्याची. एकच प्रसंग दोन्ही भावंडे आपापला म्हणून सांगतात, याचे जुळ्या भावंडांवर रीतसर संशोधन झाले आहे, तेव्हा आम्ही एकटे नाही. एकाच घटनेचे श्रेय सर्वांना समान वाटून देण्याचा आपला समाजवाद थोर आहे. इस्त्रीवाल्याचा वाटा मात्र बुडाला.

यावर आपण म्हणाल, रोजच्या गोष्टी इकडे-तिकडे होतात, पण मोठ्या घटना मी दगडात कोरून ठेवते. कोरता खऱ्या. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितली, काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. चौथा हिस्सा मंडळींचे एकही मुख्य उत्तर जुळले नाही. पण खात्री? ती भक्कम. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले, तरी मूळ आठवण परत आली नाही. ती जागेवर नव्हतीच, तिथे नवी राहायला आली होती.

इथे, बाईसाहेब, थोडा वेळ आपले मानपान बाजूला ठेवतो.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एका विद्यार्थिनीवर घरात घुसून बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने ठरवून हल्लेखोराचा चेहरा न्याहाळला, वाचलो तर याला ओळखता आले पाहिजे म्हणून. पुढे फोटोंतून आणि मग ओळख परेडमध्ये तिने रोनाल्ड कॉटन यांच्याकडे बोट दाखवले. दोन्ही वेळा एकच माणूस निवडला, असे तिला सांगण्यात आले तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. कॉटन यांना जन्मठेप झाली. १९८७ च्या फेरसुनावणीत बॉबी पूल नावाचा माणूस तिच्यासमोर आणला गेला. याला मी कधी पाहिलेले नाही, असे तिने सांगितले. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने दाखवले की गुन्हेगार पूलच होता. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. ती मुलगी खोटे बोलत नव्हती. तिने प्रामाणिकपणे आपल्याला विचारले आणि आपण प्रामाणिकपणे तिला कॉटन यांचा चेहरा काढून दिलात, दरवेळी आधीपेक्षा स्पष्ट. अमेरिकेत डीएनएमुळे ज्यांची निर्दोष सुटका झाली, त्यांच्यापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक प्रकरणांत प्रत्यक्ष पाहणाऱ्याने चुकीचा माणूस ओळखला होता. शपथ घेऊन, बोट दाखवून.

असो. पुन्हा मूळ मायन्यावर येतो.

आपली बाजू मला माहीत आहे. आपण शेरेशेव्हस्की यांचे उदाहरण पुढे कराल. मॉस्कोतले हे बातमीदार, अलेक्झांडर लुरिया यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऐकलेली शब्दांची यादी ते क्रमाने म्हणून दाखवत. पण चेहरे त्यांना ओळखता येत नसत, कारण चेहरा दर खेपेला थोडा वेगळा दिसतो आणि त्यांना तो वेगळेपणाही आठवे. नको असलेले आकडे डोक्यातून जावेत म्हणून ते कागदावर लिहून कागद जाळून पाहत, तरी राखेत आकडे दिसत. विसरू देणे हा आपला उपकार आहे, हे मान्य. त्याचे आभार मी वर मानलेच आहेत.

आपण असेही म्हणाल की, मला मागचे जपायला नेमलेलेच नाही, पुढचे बेत करायला नेमले आहे. तेही ऐकले. २००७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना सांगितले, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडला आहात अशी कल्पना करा. बहुतेकांना सलग चित्र उभे करता येईना. थोडे निळे, थोडा आवाज, एवढेच तुकडे. जो कारकून मागचे नोंदवतो तोच पुढचे रंगवतो, आणि दोन्हीसाठी त्याच्याकडे तुकड्यांचा एकच ढीग आहे. मागायला येणाऱ्याची गरज पाहून तो ते जोडून देतो. हरकत नाही, कारखाना चालवा. पण मग दारावर 'दप्तरखाना' अशी पाटी कशाला?

माझी मागणी लहान आहे. सगळे लक्षात ठेवा असे मी म्हणत नाही. नावे द्या असेही नाही. आपण जे आठवून देता त्यातले मुळात किती होते आणि मागाहून किती जोडले, एवढे कोपऱ्यात लिहीत जा. ते जमत नसेल तर निदान 'अंदाजे' असा एक रबरी शिक्का करून घ्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहणाऱ्यांना तो आधी द्या. मग दर गणपतीत आम्हाला. खात्रीचा शिक्का आपण इतका वापरला आहे की त्यावरची अक्षरे आता वाचता येत नाहीत.

उत्तराची अपेक्षा नाही. पाठवलेतच तर लेखी पाठवावे. तोंडी निरोपावर आपल्याला विसंबता येत नाही आणि मलाही नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आजन्म लाभार्थी.

प्रत माहितीसाठी: आमचे दादा, ठाणे. (हे पत्र आपणच लिहिले होते असे त्यांनी येत्या पाच-दहा वर्षांत म्हणू नये, म्हणून मूळ प्रतीवर माझी सही असून सहीखाली तारीख घातली आहे.)